मुरगाबीची झाली कोंबडी

९ जानेवारी

म्हसळ्याला तहसील कार्यालयात दोन तास बाकावर बसून काढले. शेवटी अहवाल हातात पडला. आमच्या खाजणात भराव टाकून कंपनीला गोदामं बांधायचीत, त्यासाठी पर्यावरणाची पाहणी झाली म्हणे. कधी झाली, कोणी केली, गावाला पत्ता नाही. पक्ष्यांचं पान शोधलं. ‘वन्य बदके : निरंक.’ त्याखालची ओळ, ‘कोंबड्या : मोठ्या संख्येने.’

चष्मा पुसून पुन्हा वाचलं. खाजणात कोंबड्या! उधाणाला जिथे कमरेभर खारं पाणी चढतं तिथे कोंबड्या काय होडीत बसून येतात?

मुद्दा साधा आहे. हिवाळी बदकं उतरतात अशी नोंद झाली तर जागा पाणथळ ठरते, भराव अडतो. नोंद नाही, तर ती ‘पडीक क्षारयुक्त जमीन’. जनसुनावणी २७ला.

एसटीत येतानाच भाषणाचं पहिलं वाक्य सुचलं. घरी येऊन सुधाला ऐकवलं. ती म्हणाली, “वाक्य छान आहे. पण बदकं कुठली येतात, सांगा बघू?”

सांगता आलं नाही.

१० जानेवारी

कोड्याचा उलगडा झाला. हसावं की डोकं आपटून घ्यावं.

पाहणीवाली दोन पोरं आली होती, दिवाळीनंतर. मोहल्ल्यात इब्राहिमभाईंना भेटली. इब्राहिमभाई कुवेतला बावीस वर्षं काढून परत आले, आता खाडीत डोल, मासळीचं मोठं जाळं, लावतात. पोरांनी विचारलं, खाजणात बदकं आहेत का?

“मी बोल्लो, बदक न्हाय. बदक सलमाच्या परसात हायत, दोन, सफेद. खाजनात मुरगाब्या हायत. बेहिसाब.”

वर वाडीत दत्तारामला विचारलं. तो म्हणाला, “बदका न्हाईत. पानकोंबडे हाईत की, थंडीत काळं व्हतंय पानी.”

पोरांनी मुरगाबीची मुरगी ऐकली आणि पाणकोंबड्याचा कोंबडा. दोन्ही ठिकाणी लिहिलं, कोंबड्या. बदक म्हणजे पाळीव, पांढरं, परसातलं. रानातल्याला इथे कोणी बदक म्हणतच नाही. गाव खरं बोललं, दोन तोंडांनी बोललं, आणि कागदावर खोटं उतरलं.

हे भाषणात घ्यायचंच.

१२ जानेवारी

सकाळी इब्राहिमभाईंबरोबर खाजणात. पहिल्यांदा. हे लिहिताना लाज वाटते. तीस वर्षं या खाजणावर बोलतोय. खारफुटी तोडली तेव्हा बोललो, कोळंबीचे तलाव आले तेव्हा बोललो, मंत्र्यासमोर बोललो, दोनदा पोलिसांच्या गाडीत बसून बोललो. बांधावर उभा राहून बोललो. बांधाखाली उतरलो कधी?

दुर्बीण शाळेतल्या विज्ञानाच्या सरांची. पक्ष्यांचं पुस्तक माझं, वीस वर्षांपूर्वी घेतलेलं, पानं अजून एकमेकांना चिकटलेली.

मी उत्साहाने काही सांगू लागलो तर इब्राहिमभाई हळूच, “सर, आता जरा जबान बंद.”

तासभर गप्प बसणं. माझ्यासाठी हा उपासच. पाय चिखलात, समोर नेवट्या, चिखलावर उड्या मारणारे मासे, फुदकतायत, तिवरांच्या मुळांत चिंबोऱ्यांची खुडबुड. मग पाणी उतरू लागलं तशी ती दिसली. दीडेकशे तरी असतील. मला सगळी सारखीच. ठिपके.

इब्राहिमभाईंना सारखी नाहीत. “ती लंबी मानवाली येगळी. ती चमच्याच्या तोंडाची येगळी. ती कपाळावर चुना लावल्यासारकी, ती आकारानं बारीक.”

नावं? नावं नाहीत. सगळ्या मुरगाब्या.

माझ्याकडे नावं आहेत, डोळे नाहीत. त्यांच्याकडे उलटं.

१५ जानेवारी

चार दिवस रोज जातोय. पुस्तक आणि इब्राहिमभाई यांची गाठ घालून देतो.

लांब मान, मागे टोकदार शेपूट : तलवार बदक. ३८. चमच्याच्या तोंडाची : थापट्या. पाण्यावर चोच टेकवून गोल गोल फिरतात, जात्यावर बसल्यासारखी. २०च्या वर. कपाळावर चुना : भुवई बदक, नराच्या डोळ्यावरून पांढरी रेघ मागे जाते. आणि एक जोडी हळदी-कुंकू. काळी चोच, टोकाला पिवळी, मुळाशी दोन लाल थेंब. हे नाव ज्याने ठेवलं त्याला माझा दंडवत. सवाष्ण उंबऱ्यात उभी असावी तशी ती जोडी.

इब्राहिमभाईंना नाव सांगितलं. थोडा वेळ पाहत राहिले. “बराबर हाय नाव. आमच्याकडे असतं तर म्येंदी ठेवलं असतं.”

परतताना चिखलात पंजे. इब्राहिमभाई वाकून : “हुद. पानमांजर. आई हाय, मागं दोन बच्चे.” मला चिखल दिसत होता. त्यांना कुटुंब.

१९ जानेवारी

आज सापडलं! खाजणाच्या वरच्या अंगाला गोड्या पाण्याचं डबकं आहे, तिथे अकरा पक्षी. अंग विटकरी, सकाळच्या उन्हात पेटल्यासारखं. वारा आमच्याकडून तिकडे, आवाज काही ऐकू येत नव्हता. मी पुस्तक उघडलं. चक्रवाक!

चक्रवाक. संस्कृत काव्य वाचलेल्या माणसाला हा शब्द नुसता पक्षी नाही. दिवसा जोडीने राहणारा, रात्री नदीच्या दोन काठांवर ताटातूट होऊन एकमेकांना हाका मारणारा. तो आमच्या खाजणात!  मोबाईलवर दुर्बिणीतून कसाबसा फोटो काढला.

इब्राहिमभाई म्हणाले, “मला तर रोजचीच वाटते, सर. शिटीवाली. झाडावर पन बसते ही.”

मी म्हटलं, बदक झाडावर बसत नाही. चित्र दाखवलं. त्यांनी चित्राकडे पाहिलं, डबक्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, “तुमी म्हनता तर असेल.”

२६ जानेवारी

झेंडावंदनाला गेलो. भाषण नाही केलं, उद्यासाठी घसा राखला. मोहल्ल्यातून साठ माणसं येणार, वाडीतून किती ते ठाऊक नाही. दत्तारामचा मुलगा कंपनीच्या गाडीवर लागलाय.

तो रस्त्यात भेटला, दत्ताराम. “सर, उद्या बोला तुमी, आमी आयकतो. पन तुमचं पानकोंबडं माज्या पोराला पगार देनार काय?”

मी त्याला पाणथळीचं अर्थशास्त्र समजावू लागलो. तो निघून गेला. बैल सोडायचे होते म्हणाला. बैल त्याने गेल्या साली विकले.

२७ जानेवारी

लिहवत नाही. तरी लिहितो.

शाळेच्या पटांगणात मांडव. वर अधिकारी, बाजूला कंपनीची माणसं, त्यात एक नवीन मुलगी, केतकी, पुण्याची, पक्षीशास्त्र शिकलेली. त्या आधीच्या पोरांच्या जागी घेतलेली. पडदा, संगणक, सगळं जय्यत.

माझी पाळी. मुरगाबीची गोष्ट सांगितली. “साहेब, मोहल्ल्याने मुरगाबी म्हटलं, तुम्ही मुरगी ऐकलीत. वाडीने पाणकोंबडा म्हटलं, तुम्ही कोंबडा ऐकलात. गावाने दोन बोलींत एकच खरं सांगितलं आणि तुम्ही दोन्ही वेळा त्याचं कालवण केलंत!” मांडव हसून लोळला. वाडीतलेही हसले. अधिकाऱ्यानेही ओठ दाबले. केतकीने मान खाली घालून काहीतरी टिपलं.

तिथे थांबायला हवं होतं. माझ्याजवळ तलवार बदक होतं, थापट्या होता, भुवई होतं. तिन्ही पक्की, तारखेनिशी. तेवढी पुरेशी होती.

पण टाळ्या पडल्या होत्या. मी चक्रवाक काढला. दोन काठ, ताटातूट, रात्रभराच्या हाका. “त्या जोडप्यामधली नदीच तुम्ही बुजवायला निघालात!” बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. फोटो मीच दिला, पडद्यावर लावा म्हटलं.

केतकी उभी राहिली. आवाज मऊ. “सर, तुम्ही ते उडताना पाहिलेत का?”

“पाहिले.”

“पंखावर पांढरा पट्टा होता?”

उडताना मी पाहिले नव्हते. मी म्हणालो, “होता. स्वच्छ.”

तिने फोटो मोठा केला. मानेचा रंग, चोच, पायांची ठेवण, पाठीवरची खवल्यांसारखी नक्षी. “सर, ही अडई आहे. शीळ घालणारं बदक. बारमाही इथलंच. झाडावरसुद्धा बसतं. चक्रवाकाचं डोकं फिकट असतं आणि पंखावर मोठा पांढरा भाग.”

कोणीतरी मागून, “म्हंजे ह्यो बी कोंबडाच!” मांडव पुन्हा हसला. तेच हसणं, तेवढंच जोरात.

इब्राहिमभाई तिसऱ्या रांगेत होते. माझ्याकडे बघत नव्हते.

२८ जानेवारी

चूक झाली असती तर चूक. मी खोटं बोललो. हजार सभांमध्ये ज्यांना खोटारडे म्हटलं त्यांच्या रांगेत एका शब्दाने जाऊन बसलो. ‘स्वच्छ’. कोणी मागितलाही नव्हता तो शब्द.

सुधाने चहा ठेवला. म्हणाली, “टाळ्या पडल्या नसत्या तर तुम्ही थांबला असतात.” पस्तीस वर्षं ती माझी भाषणं ऐकतेय. एका वाक्यात सगळ्यांचं परीक्षण.

४ फेब्रुवारी

इतिवृत्त आलं. ‘स्थानिक निरीक्षणे परस्परविरोधी व अविश्वसनीय आढळली.’ तलवार, थापट्या, भुवई, सगळी त्या एका ओळीखाली गाडली. आता निर्णय असा : पुढच्या जानेवारीत तीन दिवसांची फेरपाहणी, केतकी करणार. तोवर भराव नाही, मात्र ‘प्राथमिक कामे’ करण्यास हरकत नाही. प्राथमिक कामे म्हणजे काय ते कुठेच लिहिलेलं नाही.

तिचा फोन आला. “सर, मुरगाबीचं तुमचं म्हणणं बरोबर होतं. मी दोनदा खाजणात जाऊन आले. तलवार बदकं मी स्वतः पाहिली. पण मला पाहणीच्या ठरलेल्या दिवसांबाहेरचं काही लिहिता येत नाही.”

मी रागावू शकलो नाही. खूप प्रयत्न केला.

९ फेब्रुवारी

इब्राहिमभाई तेरा दिवसांनी बोलले. डोल झटकत होते. मी बाजूला बसलो.

“सर, तुमी माझं नाव घेतलंत स्टेजवर. इब्राहिमभाईंनी सांगितलं, इब्राहिमभाईंनी दाखवलं. तीन येळा. पन मला बोलवलं न्हाय.”

“तुम्ही बोलला असतात?”

“न्हाय बोल्लो असतो. पन तिनं फोटो लावला तवा तुमी माझ्याकडं वळून बगितलं असतं, तर मी मान हलवली असती. शिटीवाली हाय म्हनून. तिथंच मिटलं असतं.”

मग डोलातला कचरा काढत राहिले. एक थर्माकोलचा तुकडा, दोन प्लास्टिकच्या पिशव्या, एक चप्पल. म्हणाले, “हरिहरेश्वरचे टुरिस्ट. एक चप्पल कशी काय टाकतात, खुदा जाने. दुसऱ्या पायाचं काय?”

हसलो. दोघेही. पण ते तेवढंच.

२ मार्च

बदकं चाललीयत. तलवार १२. थापट्या ४. भुवई नाही. आज सकाळी नऊची एक रांग खाडीवरून उत्तरेला गेली, एका मागे एक, आवाज न करता. पुढच्या वर्षी येतील, असं मी मोठ्याने म्हणालो. इब्राहिमभाईंनी दुजोरा दिला नाही.

२१ मार्च

‘प्राथमिक कामे’ कळली. उघाडी बंद केली. खाजणात भरतीचं पाणी जिथून आत-बाहेर करतं ती दगडी उघाडी, तिच्या फळ्या ठोकून टाकल्या, वर काँक्रीट. कारण दिलंय, ‘बांधाची सुरक्षितता’.

तहसीलदारांकडे गेलो. “सर, भराव तर नाही ना टाकला त्यांनी?” नाही टाकला. खरंच नाही टाकला. पाणी तोडलं. मातीचा एक कणही न टाकता खाजण मारायची युक्ती.

बोलायला उभा राहिलो तर साहेब म्हणाले, “तुमच्या पक्ष्यांचं ऐकलंय मी.” हसत नव्हते. हसले असते तर बरं.

१८ एप्रिल

चिखलाला भेगा. नेवट्या वाळून पडल्यात, शेकडो, कावळे वेचतायत. वरच्या डबक्यात अजून हातभर पाणी आहे. तिथे अडया. अकराच्या अकरा. एक खरंच झाडावर बसली होती, रानभेंडीच्या झाडाच्या फांदीवर. माझ्याकडे बघून शीळ घातली.

मी तिला नाव दिलं तेव्हा तिचं नाव विचारलं नव्हतं. इतकंच.

७ जुलै

पावसाचं पाणी साचलंय खाजणात, गोडं. वरून बघणाऱ्याला तळं वाटेल. इब्राहिमभाई म्हणाले, “हे मेलेलं पानी. ह्यात काय न्हाय.” हात बुडवून चव घेतली आणि थुंकले.

अर्ज क्रमांक सहा पाठवला. पहिल्या पाचांचं उत्तर नाही. पूर्वी उत्तर आलं नाही की मी पेटायचो. आता टपालाची पावती पुस्तकात ठेवतो आणि जेवतो.

१४ नोव्हेंबर

थंडी पडायला लागली. बांधावरून डांबरी रस्ता झालाय, त्यावर डंपर. गेल्या वर्षी आजच्या दिवशी इब्राहिमभाईंना पहिल्या मुरगाब्या दिसल्या होत्या म्हणे. आज सकाळी चार तास. शेकाट्या ६, लांब लाल पायांवर कोरड्या चिखलात हिंडत होत्या, चुकून परक्या घरी शिरल्यासारख्या. बदक एकही नाही.

इब्राहिमभाईंच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. ऑपरेशन करा म्हटलं तर म्हणाले, फेरपाहणी होऊ दे.

१२ डिसेंबर

नाही.

२० डिसेंबर

नाही. वर उडताना एक थवा, खूप उंच. इब्राहिमभाई म्हणाले, “उतरायचा इचार करतात.” थव्याने खाजणावर एक फेरी मारली. पुन्हा मारली. आणि गेला. पाहुणा दारापर्यंत येऊन कुलूप बघून परत जातो तसा.

आज उमजलं की मला जाती ओळखता यायला लागल्यात. उंचावरूनही. मानेची लांबी, पंखांचा वेग. तलवार होती. वर्षभर रोज गेल्याचं फळ. ओळखायला शिकलो, आणि ओळखण्यासारखं काही उरलं नाही.

३ जानेवारी

मुंबईहून फोन. तिथली एक संघटना आम्हाला मदत करते, त्यांचा तरुण कार्यकर्ता. “सर, गेल्या वर्षीचे फोटो आहेत ना तुमच्याकडे? तलवार बदकांचे? चांगले आहेत ते. पाहणीच्या दिवसांत काढले म्हणून द्या. तारखा कोण बघतंय?”

मी म्हटलं, विचार करतो.

हे इथे लिहून ठेवतोय, कारण पुढे मीच म्हणेन की मी लगेच नाही म्हटलं. मी म्हटलं, विचार करतो. आणि केलाही. दिवसभर. समोरचे रोज खोटं लिहितात, निरंक लिहितात, उघाडी बुजवून ‘सुरक्षितता’ लिहितात. गेल्या वर्षी बदकं होती हे तर खरंच ना? एका तारखेने काय होतं?

संध्याकाळी सुधाला विचारलं. तिने शेंगा निवडायचं थांबवलं नाही. “मला कशाला विचारता? उत्तर हवं असतं तर इब्राहिमभाईंना विचारलं असतं तुम्ही.”

४ जानेवारी

फोन करून नाही सांगितलं. तो म्हणाला, “सर, तत्त्वांनी खाजण वाचत नाही.” त्याचं खरं आहे. खोटं बोलूनही वाचलं नव्हतं, हे त्याला सांगितलं नाही.

८ जानेवारी

फेरपाहणी, दिवस पहिला. केतकी एकटीच आली, खांद्यावर दुर्बीण, तिपाई. मला आणि इब्राहिमभाईंना स्थानिक जाणकार म्हणून सही करायचीय. अविश्वसनीय पासून जाणकार, एका वर्षात बढती.

सकाळी सहा ते सूर्यास्त. खाजण कोरडं ठक्क. तिच्या तक्त्यात कोंबड्यांचा रकाना आता नाही, त्याऐवजी तिने कंसात लिहिलंय, ‘मुरगाबी / पाणकोंबडा : स्थानिक नावे’. इब्राहिमभाईंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “नाव आलं. आता जिनावर आलं पायजे.”

बदकं : नाहीत.

९ जानेवारी

दिवस दुसरा. एक भोवत्या, शिकारी पक्षी, तिवरांवरून घिरट्या घालत होता. गेल्या वर्षी तो आला की सगळं पाणी उधळून उठायचं. आज त्याच्या खाली काहीच हललं नाही. तोही कंटाळून गेला.

दुपारी दत्ताराम आला. आम्ही तिघं बांधावर बसलो होतो, तो रस्त्यावर उभा. मला वाटलं टोमणा मारेल.

“काय दिसतंय काय?”

“नाही.”

तो खाजणाकडे बघत म्हणाला, “माजा बाप ह्या दिवसांत पानकोंबड्यांना शिव्या घालायचा. भाताचं बी खातात म्हनून. पत्र्याचा डबा वाजवायचा, हाकलायला.” मग म्हणाला, “आता डबा बी न्हाय वाजवायला लागत.” आणि गेला. मुलाचं विचारायचं राहून गेलं. गाडीवरून काढलं म्हणतात त्याला, काम संपलं म्हणून.

केतकीला विचारलं, उद्या नाही दिसली तर?

“मग निरंक लिहावं लागेल, सर. आणि ते खरं असेल.”

गेल्या वर्षीचं निरंक खोटं होतं, त्याच्याशी भांडता आलं. या निरंकाशी कसं भांडू?

१० जानेवारी, दुपार

घरी जेवायला आलोय. लिहून परत जातो.

सकाळी धुकं. आठच्या सुमारास विरळ झालं तेव्हा इब्राहिमभाईंनीच आधी बोट केलं, एका डोळ्याने. बांधाच्या बाहेर, खाडीच्या पूर्वेच्या चिखलावर. चार.

केतकीने तिपाई लावली. सूर्य थेट त्यांच्या मागे. चार काळ्या आकृत्या, रंग नाही, खूण नाही. “बदकं आहेत,” ती म्हणाली. “याहून जास्त मला सांगता येत नाही.”

तलवार निघाली तर हिवाळी पाहुणी, नोंद होते, निदान भांडायला जागा राहते. अडई निघाली तर बारमाही, तिचा काही उपयोग नाही.

दोन तास. ती माना आत घेऊन झोपलेली. मान लांब की आखूड, कळायला मार्ग नाही. टाळी वाजवू का, मी विचारलं. केतकी म्हणाली, उठवायचं नाही, नियम आहे. तिच्यासमोर मी नियम मोडणार नव्हतो. तिला कळलं नसतं तरी.

दहाच्या पुढे बांधावर डंपरने भोंगा दिला. चौघं उठली. उन्हातूनच उठली, उन्हातूनच खाडीच्या वरच्या अंगाला वळली. चार-पाच सेकंद. डोळ्यांसमोर नुसता पांढरा झोत.

केतकीने दुर्बिणीवरून डोकं काढलं. तिला दिसलं नव्हतं. इब्राहिमभाईंनी डोळा चोळला आणि माझ्याकडे पाहिलं. “आता तुमी सांगा, सर. पंखाचा येग तुमाला समजतो.”

वेग दिसला होता. वेग तलवारीचा वाटला. वाटला. दोन जाणकारांनी एक नाव सांगितलं की ते लिहिलं जातं, आणि मी जे म्हणेन ते इब्राहिमभाई म्हणणार, हे मला दिसत होतं. केतकीचं पेन कागदावर टेकलेलं. तिच्याही चेहऱ्यावर काहीतरी होतं. तिलाही ऐकायचं होतं ते नाव, असं मला वाटलं. कदाचित मला हवं होतं म्हणून वाटलं.

म्हणालो, “मला ओळखता आली नाहीत.”

सार्वजनिक ठिकाणी हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो असेन. ऐकायला तीनच माणसं, त्यातला एक मी.

केतकीने लिहिलं, ‘बदके, ४, जात अनिश्चित.’ असा रकाना तक्त्यात नाही, समासात लिहिलं. समासातलं धरतात की नाही, तिलाही माहीत नाही. वरचा रकाना अजून कोरा आहे. सूर्यास्ताला त्यात नाव पडेल, नाहीतर निरंक.

 इब्राहिमभाई माझ्या खांद्यावर हात ठेवून बांधावरून खाली उतरले, तेवढंच. हात ठेवला म्हणजे बरं केलंत असं, की बुडवलंत असं, विचारलं नाही.

सुधाने तिघांचा डबा भरलाय. मी सांगितलं तिला सगळं. ती म्हणाली, “बसा मग संध्याकाळपर्यंत.”

तीनला पाणी पुरं भरतं. बाहेरचा चिखल बुडाला की बदकं काठाकडे सरकतात. ऊन तोवर पश्चिमेला गेलेलं असेल, आमच्या पाठीशी. आली तर उजेड त्यांच्या अंगावर पडेल. आली तर.

दीड वाजला. निघतो.